सुकळीच्या पुलाचे डोळे

दिवा चरचरतोय, त्याकडे लक्ष देऊ नकोस. वात जरा पुढे सार आणि इथे माझ्याजवळ बस. नवी सून म्हणून तू या घरात आलीस आणि काल पहिल्याच अखितीला मला विचारलंस, की पितरांची घागर तर आपण घरात मांडतो, मग चांदूरच्या वच्छलाताई दुसरी भरलेली घागर घेऊन नदीकाठच्या त्या ओसाड कोठीकडे कशाला जातात. बरं झालं मला विचारलंस. घरातल्या पुरुषांना विचारलं असतंस तर त्यांना एकदम गोठ्यातली कामं आठवली असती. मी सांगते. पण सांगताना माझा आवाज चढला तर घाबरू नकोस. वीसेक वर्षं झाली, राग जिथल्या तिथे आहे.

त्या दिवशी मी वाती पोहोचवायला निघाले होते, एवढंच काम. फाल्गुनातली संध्याकाळ, ऊन कलतं झालेलं. किसनरावनं नदीकाठी नवी कोठी बांधली होती आणि तिची वास्तुशांत होती. पाहुणे पंचक्रोशीतले, समया-निरांजनं ढीगभर, आणि गावात वाती वळणारा हात माझा. म्हणून किसनरावच्या बायकोनं, गंगूबाईनं, टोपलीभर वाती सांगितल्या होत्या. निरोपात एक गोष्ट जास्तीची होती: येताना वच्छलेलाही आण. वच्छला माझ्या थोरल्या जावेची, जमुनेची, लेक. ज्या घरानं त्या पोरीच्या आईचं नाव मातीत घातलं, त्याच घरी मी तिला हाताला धरून नेत होते. का नेत होते ते कळायला तुला आधी पूल कळला पाहिजे.

सुकळी नदी तू पाहिली आहेस. वर्षातले आठ महिने वाळू, गोटे आणि बाभळी. तिच्यावर जुना दगडी पूल होता. कोणी बांधला ते कोणालाच माहीत नव्हतं. कोणी एखाद्या नवाबाचं नाव घेई, कोणी बंजाऱ्यांच्या नायकाचं. काळा दगड, चुना, आणि पाच कमानी. कमानींना आम्ही डोळे म्हणायचो. मधल्या डोळ्यातून नदी जायची, बाजूचे चार कोरडे. उन्हाळ्यात त्या गारव्यात शेळ्या बसत आणि पोरी भातुकली मांडत.

वैशाखातल्या अखितीच्या सकाळी डोळे उघडायचे, अशी रीत होती. साऱ्या गावानं मिळून कमानींतला गाळ उपसायचा, काट्याकुट्या काढायच्या. मग आमच्या घरातली थोरली सून भरलेली घागर डोक्यावर घेऊन एकेका डोळ्यातून चालत जाई. पाठ ताठ, मान ताठ. घागर वरच्या दगडाला लागली किंवा बाईला वाकावं लागलं, तर गाळ राहिला, पुन्हा खणा. बाई न वाकता पार झाली की पुराचं पाणीही पार होईल. पूल बांधणाऱ्यानंच हे माप लावून दिलं असं म्हणत. मान आमच्या घराचा, आणि जमुना लग्न होऊन आल्यापासून तीच चालायची. चालताना इतकी ऐट असायची तिची, की घागरीतला थेंब हलत नसे. मी मागून टाळ्या वाजवायची.

मग कापसाचं ते वेड आलं. सातासमुद्रापार गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली म्हणे, तिकडचा कापूस अडला, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना कधी नाही तो भाव आला. माणसं बिघडली. ज्वारी मोडून कपाशी पेरली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसल्या आणि घरात पोरं ज्वारीच्या भाकरीला तरसली. अमरावतीकडून अकोला, बाळापूर, खामगाव अशा बैलबंड्यांच्या रांगा लागायच्या, त्या याच पुलावरून. कालपर्यंत गाव ज्याला किसन्या म्हणत होतं त्याचा किसनराव झाला. तो गावाचा कापूस घेई, साठवी, आणि भाव अजून चढायची वाट पाहत बसे. साठवायला जागा पुरेना तेव्हा त्याची नजर पुलाच्या कोरड्या डोळ्यांवर गेली.

वर दगडाचं छप्पर, खाली कोरडी जमीन, फुकटची कोठारं. त्यानं चारही डोळ्यांत कापसाचे बोजे ठासून भरले आणि दोन्ही बाजूंनी दगड-चुन्याच्या भिंती घालून डोळे बंद करून टाकले. चोराची भीती नको, पावसाची नको. आणि गावानं काय केलं? काही नाही. आत गावाचाच कापूस होता ना. ज्यांचे आजे-पणजे दर अखितीला तिथे गाळ उपसत आले, ते त्या वर्षी हात पुसत बाजूला उभे राहिले. किसनराववर माझा जेवढा राग आहे तेवढाच या गावावर आहे, हे तुझ्या नवऱ्यालाही सांगून ठेव.

अखितीला जमुना नेहमीसारखी घागर घेऊन गेली आणि भिंतीसमोर उभी राहिली. मी मागेच होते.

“किसनराव, हे काय करून ठेवलं? म्या कुठून जाऊ?”

“वरून जा ना बाई. पूल चालाच्यासाठीच असते.”

“अन् पानी कुठून जाईन?”

“सुकळीले पानी हाये कुठं व? तुह्या घागरीत हाये तेवढंच.”

लोक खो खो हसले. हसणाऱ्यांत आमच्या घरचे पुरुषही होते, जमुनेचा नवरासुद्धा. जमुना हसली नाही, चिडलीही नाही. डोक्यावरची भरलेली घागर उतरवून तिनं भिंतीच्या पायाशी ठेवली.

“ठेवून जाते. डोळे उघडले का मंग नेईन,” ती म्हणाली आणि माघारी वळली.

श्रावणात झड लागली. वरच्या डोंगरात आभाळ फुटलं असावं, कारण एका दुपारी सुकळी तांबडी, फुगलेली अशी खाली आली की आवाजानं गुरं दावी तोडू लागली. एवढं पाणी एका डोळ्यात मावणार कसं? ते पुलामागे तुंबलं आणि गावात चढायला लागलं. आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा जमुनेनं कोपऱ्यातली पहार उचलली.

“बाई, नोका जाऊ,” मी तिचा पदर धरला. तोंडावर मी तिला बाई म्हणायची.

“मैने, पोट्टीले सांभाळ. मी डोळे उघडून येते.”

तिनं पदर सोडवून घेतला. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही.

गावानं पाहिलं. सगळं गाव उंचवट्यावर जमलं होतं. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून जमुना एका डोळ्याच्या भिंतीवर पहार मारते आहे, हे सगळ्यांनी पाहिलं, आणि खाली एकही जण उतरला नाही. मग पावसाची सर अशी आली की पुढचं काही दिसेना. पूल गेला तो दिवस बुडायच्या आत. आवाज झाला आणि मग नुसतं पाणी. पुलावर अडकलेल्या बंड्या, बैल, गाडीवान, सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी सुकळीच्या दोन्ही काठांना कापूस लागला होता. बाभळींवर, काटेरी कुंपणांवर, मेलेल्या बैलांच्या शिंगांवर पांढरा ओला कापूस लोंबत होता. जमुना सापडली नाही.

पंचांसमोर किसनराव काय म्हणाला ऐक. “म्या माह्या डोयानं पायलं. तिनं पहारीनं पूल फोडला.” झालं. पहार मारताना तर सगळ्यांनीच पाहिलं होतं! डोळे कोणी बुजवले, हे एकालाही आठवेना. गाडीवानांचे जीव गेले ते जमुनेमुळे, वाट बंद झाली ती जमुनेमुळे, कापूस बुडाला तोही जमुनेमुळे. थोरल्या दिरांनी तेव्हापासून तोंडच मिटलं, ते कायमचं. आणि वच्छला झाली पूलफोडीची पोट्टी. बाया तिला विहिरीवर दोर देईनात. चांदूरला तिचं जमलेलं लग्न मोडलं. तिकडचे महादेवराव, मुलाचे वडील, माणूस बरा होता, पण तोही गावाला भिणारा. त्यांनी निरोप धाडला: किसनरावनं चार लोकांत एकदा म्हणावं, की बाईचा दोष नव्हता, आम्ही पोरगी नेऊ.

एक वाक्य. त्या माणसाच्या तोंडून एक वाक्य काढायचं होतं, म्हणून मी वातींची टोपली घेऊन त्याच्या दारात गेले. पाहुण्यांत महादेवराव येणार होते हे मला कळलं होतं.

कोठी त्यानं कशानं बांधली असेल? पुलाच्याच दगडांनी. वाहून गेलेले दगड नदीतून काढून बंड्यांनी वाहून आणले आणि दिवाळी ते होळी इमारत उभी केली. पुढे मोठी बैठक, मागे लांब, बिनखिडक्यांचं कापसाचं कोठार, आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीत ओळीनं पाच कमानी. त्याला पुलाचीच कमान हवी होती, फक्त बुटकी. बाळापूरचा गवंडी गयासुद्दीन मला बाजारात भेटला तेव्हा म्हणाला होता, “अजब आदमी हाये. मले म्हने, डोक्यावर घागर घेतलेली बाई उभ्यानं जाता नाई आली पायजे, तेवढी नीची ठेव.” तेव्हा मी हसले होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा दारात शफी उभा होता. शफी किसनरावच्या बंड्या हाकायचा. पुराच्या दिवशी तोही नदीवर होता, हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यानं कधी चकार शब्द काढला नव्हता. मला बघितलं की मान खाली घालायचा. तशीच घातली.

आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा वास आला. भिजलेल्या सरकीचा. सरकी भिजून कुजली की कसा आंबट, कोंदट वास सुटतो, तसा. उदबत्त्यांचा एवढा धूर, तरी तो वास खालून येतच होता. गंगूबाईनं मला हाताला धरून बाजूच्या खोलीत ओढलं. अंगावर सोनं, चेहरा पांढराफटक.

“भिंतीले हात लावून पाय, मैनाबाई…”

मी लावला. दगड गार होता आणि ओला. बोटांना पाणी लागलं.

“फागुन चालू हाये… अन् भिंती पाझरून राहिल्या. गाद्या ओल्या, कपडे ओले…” तिचा आवाज खोल गेला. “दिवेलागणीले ऐकू येते. ठक… ठक… आतून कोनी पहार मारते. मंग कोठारातून एक बाई येते. डोक्यावर घागर… येते अन् कमानीत उभी राहते. काही बोलत नाई व… नुसती उभी राहते.”

“मंग?”

“यायनं काय करावं? ज्या कमानीत दिसली थे बुजवते. एक बुजवली का दुसरीत… चार झाल्या. मधली तेवढी राह्यली. पाहुन्यायले काय सांगावं म्हनून वरून पडदे टाकले.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी संतापही आला. डोळे बुजवायची खोड गेली नव्हती त्याची! “मले काहून बोलावलं?” मी विचारलं.

“तुमच्या घरचा मान हाये ना… पोट्टीले भरली घागर घेऊन त्या एका कमानीतून जाऊ दे. डोळे उघडू दे. मंग थे जाईन… तू मागशीन थे देतो.”

“किसनरावनं लोकायसमोर खरं बोलावं. दुसरं मले काही नोको.”

गंगूबाईनं खाली पाहिलं. “थे… थे मेले तरी बोलनार नाई.”

मी टोपली उचलली आणि निघालेच होते. पण वच्छलेनं कोपऱ्यातली रिकामी घागर घेतली होती. “काकू, मी जाते. माह्या मायचा मान हाये,” ती म्हणाली. हट्ट सगळा आईचा. तिनं मागच्या अंगणातल्या विहिरीवर पाणी भरायचं, कोठाराच्या मागच्या दारानं आत यायचं आणि मधल्या कमानीतून बैठकीत निघायचं, असं ठरलं. ती बाहेर गेली. मी वाती घेऊन बैठकीत आले.

बैठक भरली होती. महादेवराव पुढेच बसले होते. किसनराव लोडाला टेकून कापसाचे भाव सांगत होता आणि लोक माना डोलवत होते. मी बायकांच्या बाजूनं एकेक समई लावत गेले. बाहेर उजेड सरत आला. शेवटची समई लावली आणि तेवढ्यात ते ऐकू आलं.

ठक.

फार मोठा आवाज नव्हता. भिंतीच्या पोटातून आला.

ठक… ठक…

बोलणं थांबलं. किसनरावच्या हातातलं पान तसंच राहिलं. मधल्या कमानीवरचा पडदा हलला, बाजूला झाला, आणि आतल्या काळोखातून डोक्यावर घागर घेतलेली बाई पुढे आली. लुगडं ओलं, पायाशी पाणी ठिबकत होतं. मला वाटलं, वच्छला विहिरीवर भिजली. सगळ्यांना तसंच वाटलं. ती कमानीखाली येऊन थांबली, तोंडावर काळोख.

मग माझ्या लक्षात आलं. ती वाकली नव्हती. त्या बुटक्या कमानीत ती ताठ उभी होती, डोक्यावर भरली घागर, आणि घागर दगडाला लागत नव्हती.

“बुजवा…” किसनराव उठला. “बुजवा थे! शफ्या, दगड लाव!”

कमानीच्या बाजूला सतरंजीखाली दगड आणि कालवलेला चुना तयार होता. उत्सवाच्या दिवशीसुद्धा! शफी जागचा हलला नाही.

“मालक… आत पोट्टी हाये.”

“आत कोनी नाई!” किसनराव ओरडला. “आत कापूस हाये! तवाबी हेच सांगतलं होतं तुमाले. आत कापूस हाये, लावा दगड! तवा लावला नाई का रे तूनं? मंग आता काय झालं?”

शफी हळूहळू खाली बसला, दोन्ही हातांत डोकं धरून.

“लावला, मालक… बाईनं भिंतीले भोक पाडलं होतं. आत शिरून बोजे वढून राहिली होती. तुमी म्हनलं कापूस भिजन, भोक बंद करा… म्या म्हनलं, आत बाई हाये. तुमी म्हनलं, आत कापूस हाये.” त्यानं मान वर केली. “आतून आवाज येऊन राहिला होता… अन् म्या दगड लावला.”

इतके महिने मी समजत होते, की तिला पाण्यानं नेलं. नदी आहे, नेते, असं मनाला सांगून मी रात्री काढल्या होत्या. पाण्यानं नव्हतं नेलं ग. भिंतीमागे कोंडून मारलं तिला, चार बोजे भिजू नयेत म्हणून! आणि वर तिच्या पोरीला विहिरीचा दोर मिळू दिला नाही.

किसनरावला आपण काय बोललो ते आता कळलं असावं. तो सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता. महादेवराव उठून उभे राहिले होते.

“काय पाहून राह्यले? खोटं वाटते?” किसनरावनं माझ्याजवळची समई उचलली. “चला, दाखवतो. आत कापूसच हाये!”

ती बाई तोवर पाठमोरी झाली होती आणि आत चालली होती, सावकाश, घागर न हिंदकळता. किसनराव वाकून कमानीतून आत शिरला. त्याची समई बोज्यांमधून पुढे पुढे जाताना दिसली. मग ती दिसेनाशी झाली.

नंतर जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. दगडावर दगड बसल्याचा. घाई नाही, गडबड नाही, गवंडी काम करतो तसा एकामागून एक. बैठकीतल्या समया फडफडून बारीक झाल्या, कमानीकडे नीट दिसेना. कोणीतरी हिंमत करून दिवा पुढे नेला. मधली कमान पार वरपर्यंत बंद झाली होती. चुना ओला होता. आणि सतरंजीखालचे दगड होते तिथेच होते, एकही हलला नव्हता.

“काकू!”

मी वळले. पुढच्या दारात वच्छला उभी होती. डोक्यावर भरलेली घागर, लुगडं कोरडं.

“काकू, मांगचं दार कुठं हाये? तिथं तं भिंत हाये. मी फेरा मारून आली.”

“थे… थे मालकानं आज सकाळीच बुजवलं,” शफी म्हणाला. त्याची नजर वच्छलेवरून त्या बंद कमानीकडे गेली.

मग आतून आवाज आला. ठक… ठक… या वेळी घाईघाईचा. मागे माणसाचा आवाजही होता, कापसात दाबल्यासारखा. शब्द कळत नव्हते. शफीनं कशीबशी पहार उचलली. पण मारीना. तो माझ्याकडे बघत होता. सगळेच माझ्याकडे बघत होते, सगळं गाव, जे उंचवट्यावर उभं राहून बघत होतं तेच. गंगूबाई पुढे आली. तिचे ओठ हलले.

“मैनाबाई… आत कोन हाये?”

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“आत कापूस हाये,” मी म्हणाले.

गंगूबाईनं शफीच्या हातातली पहार काढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. महादेवराव माझ्यापाशी आले, वच्छलेच्या डोक्यावरची घागर त्यांनी स्वतः उतरवली आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पोरगी आमची. आईचं नाव घेऊन येईल आमच्या घरी.”

पुढे अकोल्याहून सरकारी माणसं आली. त्यांनी पहारीनं एक दगड हलवला, तर फटीतून तांबडं गढूळ पाणी असं उसळलं की ते पळाले ते पुन्हा फिरकले नाहीत. पावसाळ्याच्या सुमारास ती परमुलखातली लढाई संपल्याची बातमी आली, कापूस मातीमोल झाला, आणि त्या कोठीची मालकी सांगायला कोणी उरलं नाही. गंगूबाई माहेरी निघून गेली. आता आगगाडी आली, तिचा लोखंडी पूल दूर दुसरीकडे झाला, आणि सुकळीच्या पुलाची आठवण काढणारे आम्ही दोन-चार म्हातारे राहिलो.

वच्छला दर अखितीला चांदूरहून येते आणि त्या मधल्या कमानीच्या पायाशी भरलेली घागर ठेवते. आई ठेवून आली होती तशीच. आईसाठी ठेवते असं ती म्हणते. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर घागर रिकामी असते. जमुनेला तहान कसली लागायची ग? तिच्या नाकातोंडात अख्खी नदी गेली. मग ते पाणी कोण पितं? मी वच्छलेला कितीदा सांगितलं, नको ठेवूस. त्याला थेंबसुद्धा देऊ नकोस. ती ऐकत नाही. म्हणते, “काकू, तहानेल्याले पानी देल्यानं माह्या मायचं काही कमी होत नाई.” असेल. माझं मन एवढं मोठं नाही.

आणि रिकामी घागर नुसती रिकामी नसते. तिच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबलेला असतो, घट्ट, अगदी गळ्यापर्यंत. भोक दिसलं की बुजवायचं. मरून गेला तरी खोड गेली नाही त्याची. मेला असलाच तर.

वच्छला तो बोळा काढून टाकून देते. मी उचलून आणते. ती पाणी देते, मी वाती वळते आणि जाळते, दर वर्षी.

आज सकाळचा बोळा कोरडा खडखडीत होता, दुपारभर उन्हातही ठेवला होता. तेल नवं आहे. तरी बघ ना, मघापासून कशी चरचरतेय ती वात.